बशी पालथी करणारी आत्या

आमच्या नाटकांत चहा कधी खरा नसे. रिकाम्या कपाला फुंकर घालत, जीभ भाजल्याचं सोंग करत आम्ही आयुष्य काढलं. कपबश्या मात्र अस्सल असायच्या, कारण त्या थिएटरसमोरच्या दुकानातून भाड्यानं यायच्या आणि ते दुकान आत्याचं होतं. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी टोपली परत न्यायचं काम माझ्याकडे असे. आत्या काउंटरवर मऊ फडकं अंथरायची आणि एकेक बशी पालथी करून निरखायची.

"अहो, कालच तर तुमच्याकडून नेल्या," मी म्हणायचो. "एका प्रयोगात बशीचं बूड बदलतं का?"

"एका प्रयोगात माणूस बदलतो, नाटकवाले. बशीचं काय घेऊन बसलात?"

आता ते थिएटर फर्निचरचं गोदाम झालं आहे. जिथे मी सिंहासनावर बसून न्याय द्यायचो तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे उभे आहेत. मी आपला दुपारी रस्ता ओलांडून आत्याच्या दुकानात जाऊन बसतो. खरं तर ती माझ्याहून पुष्कळ लहान. पण भाऊ-भावजय गेल्यावर त्यांची पोरगी हिनं वाढवली, पोरगी 'आत्या आत्या' करत दुकानभर रांगली, तेव्हापासून ती साऱ्या गल्लीची आत्या झाली. माझीसुद्धा.

तिचा धंदा असा: हातानं रंगवलेली जुनी चिनी मातीची भांडी ओळखायची आणि त्यांचं मोल सांगायचं. लोक जुन्या ट्रंकेतून काढलेली किटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी घेऊन यायचे आणि वरचे गुलाब कौतुकानं दाखवायचे. आत्या गुलाबांकडे बघायचीसुद्धा नाही.

"ते तोंडदेखलं असतं," ती म्हणायची. "गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखं. पाठीमागे काय आहे ते बघावं."

पाठीमागे कारखान्याची खूण असते. ती झिलईच्या खाली असली तर नख सरळ घसरत जातं. झिलईवर असली तर नखाला अडते, आणि जी खूण खाली असायला हवी ती वर सापडली की समजावं, कोणीतरी मागाहून हात फिरवलाय. कारखान्याच्या खुणेशेजारी रंगवणाऱ्या कारागिराचीही एक बारकी खूण असते, कधी ठिपका, कधी पान. त्यातून खुणेत देशाचं नाव लिहिलेलं असलं तर माल अलीकडचा आणि किंमत उतरती. म्हणून लबाड लोक ते नाव घासून काढतात आणि त्या जागी सोनेरी रंगाचा ठिपका देतात. "नको तिथे सोनं दिसलं," आत्या म्हणायची, "की ओळखावं, खाली काहीतरी पुरलंय."

इतकं करूनही तिचं समाधान व्हायचं नाही. मग ती बशीला टिचकी मारून आवाज ऐकायची. धड बशी घंटीसारखी वाजते, सांधलेली बद्द वाजते. आणि सगळ्यात शेवटी यायचा दात. बशीची कड ती समोरच्या दाताला हलकेच घासायची. खरी झिलई दाताला गार आणि टणक लागते. फुटकं सांधून वरून रंग दिला असेल तर तीच जागा मऊ, मुकी लागते. डोळा फसेल, नख फसेल, पण दात फसत नाही, असं तिचं मत होतं. एवढी वर्षं फसलाही नव्हता.

आयुष्यभर वस्तू पालथ्या करण्यात गेल्यावर माणसंही पालथी करून बघायची सवय लागते. भाजीवाला 'ताई' म्हणाला की ती आधी तराजू बघे. डॉक्टरनं नाडी धरली की विचारी, "ठोके माझेच मोजताय ना?" मी कधी तिच्या साडीची तारीफ केली की लगेच, "काय पाहिजे? सरळ सांगा." मी हसायचो. कंपनीतले सगळे संशयी नवरे मीच रंगवले होते, पण आत्यापुढे ते सगळे भोळे सांब.

एके दिवशी दुकानाच्या पायरीवरून ती पाय घसरून पडली आणि नेमका तोच समोरचा दात गेला. भाची तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे दाताचा रंग जुळवायला एक तरुण आला. कवळ्या आणि खोटे दात बनवायची त्याची स्वतःची छोटी कार्यशाळा होती. दातांच्या रंगांची पट्टी हातात धरून तो आत्याच्या तोंडाजवळ बराच वेळ पांढऱ्यातला पांढरा निवडत बसला. निवडताना मध्येच भाचीकडेही बघत होता, हे आत्यानं तोंड उघडं ठेवून पाहिलं. त्यानं दात बनवला तो इतका हुबेहूब की कुठला बदललाय ते मला ओळखू येईना. टाळ्याला बसणाऱ्या गुलाबी पट्टीवर एकच दात, काढता-घालता येणारा. पट्टी सैल होते का, टोचते का, हे विचारायला तो वरचेवर दुकानात यायला लागला. पट्टी आत्याच्या तोंडात आणि चौकशी भाचीजवळ, असा प्रकार.

आणि त्याच सुमारास बाजारात खोटा माल आला.

आधी एक दुधाचं भांडं आलं. खूण चोख, नखाला गुळगुळीत, टिचकीचा आवाज स्वच्छ, पण आत्याच्या दाताला मऊ लागलं. तिनं ते परत केलं. मग एक किटली आली, मग फळांची बशी. सगळी बाकीच्या परीक्षांत पास आणि दातापाशी नापास. जुन्या बाजारातले दुकानदार कुरकुरायला लागले. "आत्या, हा तर तुम्हीच मागे पास केलेला तुकडा आहे!" एक जण म्हणाला. आत्या म्हणाली, "म्हणजे मधल्या काळात बदलला."

दुकानात फक्त आम्ही दोघं असताना तिनं मला जवळ बोलावलं. "नाटकवाले, कोणीतरी पट्टीचा माणूस आहे. सांधा दिसत नाही, रंग ओळखू येत नाही, आवाजसुद्धा फसवतो. इतकं बारीक काम कोण करेल?"

"कोण?"

"ज्याच्याकडे छोटी भट्टी आहे. केसासारखे ब्रश आहेत. पांढऱ्याला पांढरा जुळवायची ज्याला विद्या आहे." मग तिनं दारातून बाहेर पाहिलं. दातवाला भाचीशी बोलत उभा होता. "हा आला आणि खोटं आलं. तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? जोड्या जुळत होत्या खऱ्या.

तेवढ्यात भाचीनं बॉम्ब टाकला. "आत्या, आम्हाला लग्न करायचंय. त्याच्या आईनं चहाला बोलावलंय."

आत्यानं मला बरोबर घेतलं. "तुम्ही बोलत राहा," ती म्हणाली, "मी बघते."

दातवाल्याचं घर लहान आणि नीटनेटकं होतं. त्याची आई ठेंगणी, शांत बाई. ती आमच्याकडे बघून हसली की आत्या तिच्या मागच्या भिंतीकडे बघे. मी माझे जुने किस्से सुरू केले. चहा आला. आत्यानं बशी उचलली आणि सवयीनं, कप तसाच भरलेला ठेवून, डोक्याच्या वर धरून खालून वाचायला लागली. कप कलंडला. चहा तिच्या कोपरावरून माझ्या धोतरावर आला.

"साधाच सेट आहे हो," दातवाल्याची आई फडकं देत म्हणाली. "चांगली वस्तू तिथे आहे."

कपाटावर लाकडी टेकूला टेकवून एक मोठा थाळा उभा होता. निळ्या फांदीवर लांब शेपटीचा पक्षी, सगळं हातानं रंगवलेलं. आत्या उठली.

"टिचकी नका मारू हं," ती बाई म्हणाली. "आईकडून आलाय मला. तिची एवढीच खूण राहिली."

आत्यानं पिशवीतला छोटा आरसा काढून थाळ्याच्या मागे धरला आणि दुसरा हात मागे घालून खुणेवरून नख फिरवलं. तिचा चेहरा दगड झाला.

"नखाला अडली," दुकानात पाऊल टाकताच तिनं सांगितलं. "खूण झिलईच्या वर आहे. हल्ली काढलेली. काढणारा घरातच बसलाय. मी माझी पोरगी त्या घरात देणार नाही."

"म्हणजे तो चोर?" भाची म्हणाली.

"मी चोर म्हटलं नाही. मी नख म्हटलं."

भाचीचे डोळे भरले पण आवाज नाही हलला. आत्यानं वाढवलेली पोर ती! "तुझ्या होकाराशिवाय मी जाणार नाही. आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव काढू नकोस. बसू दोघी म्हाताऱ्या होऊन बश्या पुसत." एवढं बोलून ती आत गेली आणि खरोखरच बश्या पुसायला बसली. त्या बश्यांच्या आवाजानंच आत्या निम्मी झाली.

आठवडाभर दुकानात असा अबोला होता की मला पहिल्या अंकात मरण आलेल्या पात्रासारखं वाटे. मग एका दुपारी भाचीनं चहा आणून ठेवला. आत्यानं तिचा रोजचा कप तोंडाला लावला, आज पहिल्यांदाच त्याची कड दाताला घासली आणि एकदम थिजली. कड पुन्हा दाताला लावली. पुन्हा.

"हासुद्धा!" ती कुजबुजली. "घरात शिरला तो. माझा कप बदलला!"

"आत्या, हा कप आपण दोघींनी भांड्यांच्या दुकानातून आणला होता," भाची म्हणाली. "नवा कोरा. कंपनीचा छापील. याला कोण कशाला सांधेल आणि रंगवेल?"

"मग मऊ का लागतोय?"

भाची तिच्या तोंडाजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "तो दात काढ बघू."

"काय?"

"पट्टी काढ. आता कप शेजारच्या तुझ्या स्वतःच्या दाताला लाव."

माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला. माझी कवळी बसवली तेव्हा पहिल्याच दिवशी मला चहा कोमट लागला होता आणि मी हॉटेलवाल्याशी भांडलो होतो. खोट्या दाताला ना गारवा कळत, ना टणकपणा. जे काही लागतं ते पट्टीतून गाळून, गादीवरून ठोठावल्यासारखं. मी ते आत्याला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली, पट्टी काढली आणि कप शेजारच्या दाताला लावला. नंतर कपाट उघडून तिनं परत पाठवायला बाजूला ठेवलेली फळांची बशी लावली, मग एक कप, मग फुलदाणी. सगळी गार. सगळी टणक. सगळी खरी.

बाजारात एकही खोटा तुकडा आला नव्हता. जे खोटं होतं ते तिच्याच तोंडात होतं, आणि दातवाल्यानं तिला बरं दिसावं म्हणून जीव ओतून बनवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातल्या दुकानांची फेरी केली. मी सोबत होतो. प्रत्येक ठिकाणी ती एकच वाक्य बोलली, "माल खरा होता, दात माझा खोटा होता," आणि उत्तराची वाट न बघता निघाली. लोक हसले, पण प्रेमानं हसले. एकानं तर चहा मागवला. आत्यानं त्याचा कप पालथा केला नाही.

मला वाटलं, मिटलं. भाचीलाही वाटलं. पण आत्या म्हणाली, "बाकीचं दातानं पाहिलं होतं. थाळा मी नखानं पाहिलाय. नख माझंच आहे."

आणि ती सरळ दातवाल्याच्या कार्यशाळेत गेली. मी मागोमाग. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसले होते, जणू प्रयोग रंगलाय आणि प्रेक्षक खो-खो हसताहेत. कोपऱ्यात हातभर भट्टी, बाटल्यांत रंगांची पूड. दातवाला एका दाढेला आकार देत होता.

"त्या थाळ्यावरची खूण तू काढलीस," आत्या म्हणाली.

त्यानं यंत्र बंद केलं. "हो."

आत्या नकार ऐकायच्या तयारीनं आली होती. तिला पुढचं वाक्य सुचेना. मला सवय आहे, मी ते दिलं. "का बाबा?"

"माझ्या हातून फुटला. घराला रंग देताना. आई तेव्हा मामाकडे होती." तो बोटांवरची पूड पुसत होता. "बाबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिला ते सांगायचा धीर नाही झाला. तुकडे दोनच होते. शेपटीकडची कड सुटली, चीर मागच्या खुणेतून गेली. दातांसाठी वापरतो त्याच मसाल्यानं जोडला, वरून रंगवला. खूणही पुन्हा काढावी लागली. आईला माहीत नाही. तुम्ही सांगणार असाल तर मला अडवता येणार नाही, पण सांगू नका."

"सगळे असंच म्हणतात," आत्या म्हणाली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. "मी आरशात पाहिलं. खुणेखाली देशाचं नाव आहे. ते का लिहिलंस?"

"आधी होतं म्हणून."

"आणि कारागिराच्या खुणेतलं पान एका बाजूनं ब्रश घसरून फराटलंय."

"तेही तसंच होतं. फुटायच्या आधीचा फोटो होता माझ्याकडे, त्यावरून काढलं." तो गोंधळला. "चुकलं का?"

आत्या वळून बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर ती माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत चालली. "खोटी खूण करणारा नेहमी वरचढ करतो. मोठा कारखाना निवडतो, पान रेखीव काढतो. देशाचं नाव तर आधी गाळतो. खूण नव्यानं काढायची होती, नाव गाळलं असतं तर थाळा जुना ठरून भाव दुप्पट झाला असता. यानं उतरत्या भावाची खूण केली, तीही फराट्यासकट! कुठला चोर आपल्याच मालाचा भाव पाडेल?"

"म्हणजे होकार?"

"घाई कसली? आईपासून लपवलंय त्यानं. आज आईपासून, उद्या बायकोपासून."

मी कपाळाला हात लावला. एक संशय मेला की त्याच्या जागी दुसरा उभा, अगदी आमच्या कंपनीतल्या बदली नटांसारखा.

पण निकाल तिच्या सवडीनं व्हायचा नव्हता. दुकानात बसलो होतो तेवढ्यात दार ढकलून दातवाल्याची आई आत आली, छातीशी चादरीत गुंडाळलेला थाळा धरून. मागे दातवाला, तोंड प्लास्टरसारखं पांढरं. भाची आतून बाहेर आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"माझ्या वस्तूवर संशय घेतलात, त्यावरून लग्न अडलंय असं कानावर आलं," ती बाई शांतपणे म्हणाली आणि चादर सोडली. "तेव्हा तुम्ही पाहुण्या होतात म्हणून मी अडवलं. आता तुमच्या दुकानात आणलाय. बघा आणि तोंडावर सांगा, खरा की खोटा. टिचकीसुद्धा मारा."

आत्यानं फडकं अंथरलं. थाळा पालथा केला. भिंग लावलं, नख फिरवलं. दातवाला जमिनीकडे बघत होता. टिचकी मारली असती तर थाळा बद्द वाजला असता आणि बहिऱ्यालाही कळलं असतं. आत्यानं बोटं वाकवली. आत्यानं आजवर कोणाच्या वस्तूबद्दल, कोणाच्या भिडेखातर, एक शब्द फिरवला नव्हता हे मी शपथेवर सांगतो. भाचीनं डोळे मिटले.

आत्यानं बोटं सरळ केली. "विकायचाय का?"

"छे! काय बोलता!"

"मग टिचकी कशाला? टिचकी विकणाऱ्याच्या मालाला मारतात."

"पण खरा का खोटा?"

"खूण तुमच्या आईच्या थाळ्याची आहे," आत्या म्हणाली. "पानाच्या फराट्यासकट. थाळा तुमच्या आईचाच आहे. यापलीकडे मी काही सांगणार नाही, आणि कोणी माझ्या नावावर सांगितलं तर माझ्याकडे पाठवा."

ती बाई आत्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर ना राग, ना आनंद. मी जन्मभर चेहरे वाचले, पण हा मला वाचता आला नाही. मग ती म्हणाली, "बरं," आणि थाळा उचलायला वाकली. मुलगा मदतीला पुढे आला, त्याला तिनं कोपरानं बाजूला केलं. डाव्या हातानं तिनं पक्ष्याच्या डोक्याकडची कड नुसती धरली. उजवा तळवा मात्र, न बघता, सवयीनं, शेपटीकडच्या बाजूला खालून नेला आणि पसरून टेकवला. जिथे जोड होता, बरोबर तिथे. तान्ह्या बाळाची डुलणारी मान सावरावी तसा.

आत्यानं ते पाहिलं. मीही पाहिलं. मुलगा जमिनीकडेच बघत होता, त्याला काही दिसलं नाही.

आत्यानं तोंड उघडलं. आता ती काहीतरी विचारणार, असं मला वाटलं. कधीपासून कळलं, कसं कळलं, मुलाला का नाही सांगितलं. शंभर प्रश्न तिच्या जिभेवर आलेले मला दिसत होते. तिनं ते सगळे गिळले आणि भाचीवर खेकसली.

"खांब काय धरून बसलीस? सासूबाईंचे दोन्ही हात गुंतलेत, दार उघड त्यांना!"